राइट-ऑफ झालेले वाहनकर्ज : देणे संपते का?

प्रश्न : हप्ते थकल्यामुळे वित्तसंस्थेने मोटार ताब्यात घेऊन विकली आणि उरलेले कर्ज ‘राइट-ऑफ’ केले, तर पुण्यातील कर्जदाराचे देणे संपते का?

उत्तर : देणे संपत नाही, कारण राइट-ऑफ, म्हणजे बुडीत ठरलेली रक्कम ताळेबंदातून वगळणे, ही संस्थेची हिशेबी नोंद असून ती कर्जमाफी नव्हे, आणि म्हणून विक्रीची किंमत वजा जाता उरलेली रक्कम संस्था कायदेशीर मार्गाने मागू शकते. वाहनकर्जात मोटार नजरगहाण असते, म्हणजे ताबा कर्जदाराकडे, पण तारणहक्क संस्थेकडे राहतो. थकबाकीपोटी हा ताबा घेता येत असला, तरी त्यासाठी गुंडगिरीचा आधार घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या खटल्यात बजावले आहे. ताब्यापूर्वीची नोटीस आणि विक्रीपूर्वी परतफेडीची अखेरची संधी यांविषयीच्या अटी करारात असाव्यात, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत.

त्यामुळे कर्जदाराने विक्रीचा व थकबाकीचा हिशेब लेखी मागावा, तडजोडीचे पत्र हाती आल्यावरच पैसे भरावेत, आणि पुणे प्रादेशिक परिवहन कार्यालयात वाहन नव्या मालकाच्या नावे झाले का, हे तपासावे, अन्यथा दंडाच्या नोटिसा जुन्याच नावावर येऊ शकतात. संस्थेने तक्रार फेटाळल्यास किंवा 30 दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. कर्जदारांनी भीतीपोटी गप्प न राहता हा हक्क अवश्य बजावावा.