इकोच्या रिपोर्टमधले चार आकडे



पनवेलजवळच्या कोनमध्ये गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या घरांची सोडत २०१६ साली निघाली. तिथे राहायला आलेले अनेक जण आज साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. या वयात जिना चढताना दम लागला की "आता वय झालं" असे म्हणून आपण विषय संपवतो. पण प्रत्येक वेळी दोष वयाचाच असतो असे नाही. कधी तो हृदयातल्या महाधमनीच्या झडपेचा असतो.

हृदयातून सर्व शरीराला जाणारे रक्त या झडपेतून बाहेर पडते. वाढत्या वयात तिच्यावर चुना साचतो व ती अरुंद होते. काहींची झडप जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते. लहानपणी घसा दुखून पुढे सांधेताप झाला असेल, तरीही झडप खराब होऊ शकते.

डॉक्टरांना छातीवर नळी ठेवताच वेगळा आवाज ऐकू येतो. मग ते इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी सांगतात. तिच्या रिपोर्टमधले चार आकडे समजून घ्या.

१) रक्ताचा वेग : पाण्याच्या पाइपचे तोंड बोटाने दाबले की धार जोरात उडते, तसेच इथे होते. वेग सेकंदाला २ ते ३ मीटर असेल तर आजार सौम्य, ३ ते ४ असेल तर मध्यम आणि ४ किंवा अधिक असेल तर तीव्र.

२) सरासरी दाबफरक : ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र.

३) झडपेचे तोंड : निरोगी झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. १ पेक्षा कमी म्हणजे तीव्र.

४) ईएफ : हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची ताकद. तीव्र आजारात ती ५० टक्क्यांखाली गेली, तर त्रास नसला तरी डॉक्टर झडप बदलायला सांगतात.

हे आकडे पुढचा अंदाजही देतात. अमेरिकेतल्या सिएटल येथील डॉ. कॅथरीन ओटो यांनी त्रास नसलेल्या १२३ रुग्णांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. वेग ३ पेक्षा कमी असलेल्यांपैकी ८४ टक्के जण दोन वर्षे मृत्यू किंवा शस्त्रक्रियेवाचून राहिले. ४ पेक्षा जास्त वेग असलेल्यांपैकी मात्र केवळ २१ टक्के.

एकाच आकड्यावर विसंबू नका. हृदय थकलेले असेल तर धारच मंद पडते आणि वेग कमी दिसतो. म्हणून चारही आकडे एकत्र पाहावे लागतात. त्यासाठी जुने रिपोर्ट जपून ठेवा. सौम्य आजारात ३ ते ५ वर्षांनी, मध्यम असल्यास १-२ वर्षांनी, तीव्र असल्यास ६ ते १२ महिन्यांनी इको करतात.

चालताना दम लागणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे यांपैकी काही सुरू झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तीव्र आजारात अशी लक्षणे दिसू लागल्यावर झडप न बदलल्यास बहुतेकांच्या हाती दोन ते पाच वर्षेच उरतात. अरुंद झडप गोळ्यांनी उघडत नाही.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याची शस्त्रक्रिया होते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि इकोचा रिपोर्ट सोबत न्या.