कोंड्याचे मोल

पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. रोज पोटभर जेवूनही मनुष्य रोगाने खंगू शकतो, हे सहसा खरे वाटत नाही. परंतु जपानी आरमारातील खलाशांना या सत्याचा दारुण अनुभव आला.

एकोणिसाव्या शतकात त्या आरमारात बेरीबेरी नावाच्या रोगाने थैमान घातले होते. रोग्याचे पाय जड होत, अंगावर सूज येई, हातापायांतील बळ जाई आणि अखेरीस हृदय बंद पडे. १८८२ च्या अखेरीस ‘र्यूजो’ हे जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका व हवाई बेटे या मार्गाने लांबच्या सफरीस निघाले. त्यावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी जडला आणि २५ जण मृत्युमुखी पडले.

आरमाराचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी या रोगाचा कसून शोध चालविला होता. अधिकारी व खलाशी एकाच जहाजावर राहत आणि एकाच हवेत वावरत. तरीही अधिकाऱ्यांना हा रोग क्वचितच होई. भेद होता तो ताटातील अन्नाचा. अधिकाऱ्यांच्या जेवणात नाना पदार्थ असत. खलाशांचा भर मात्र पांढऱ्याशुभ्र भातावर असे. गरीब घरांतून आलेल्या त्या तरुणांना असा भात रोज मिळणे हेच मोठे वैभव वाटे!

१८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ हे जहाज त्याच मार्गाने धाडण्यात आले. या वेळी खलाशांच्या आहारात मांस, मासे, दूध, कडधान्ये व भाज्या यांचा समावेश केला होता. जहाज परतले तेव्हा बेरीबेरीने एकही मनुष्य दगावला नव्हता. लष्कराने मात्र हा धडा वेळीच घेतला नाही. १९०४-०५ च्या रशियाबरोबरील युद्धात त्याचे हजारो सैनिक या रोगाने मेले.

तथापि खरे कारण ताकाकींनाही उमगले नव्हते. ते उलगडण्याचा मार्ग जावा बेटावरील कोंबड्यांनी दाखविला. तेथे डच वैद्य आइकमान यांच्या कोंबड्या सडीक तांदळाच्या भातावर लुळ्या पडत आणि कोंड्यासकट तांदूळ मिळताच बऱ्या होत. तांदूळ शुभ्र करण्यासाठी जो कोंडा काढून टाकीत, त्यातच जीव वाचविणारे द्रव्य होते! ते म्हणजे ‘ब-१’ हे जीवनसत्त्व होय. या कार्याबद्दल आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

कोणत्याही एका पदार्थात शरीराला लागणारे सारे काही नसते. धान्यापासून काम करण्याची शक्ती मिळते. डाळी, दूध, अंडी व मासे यांनी शरीराची वाढ व झीज भरून निघते. पालेभाज्या व फळे रोगांपासून रक्षण करतात. असा समतोल आहार श्रीमंतांनाच साधतो असे नाही. ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथीची भाजी, वाटीभर ताक आणि एखादा पेरू एवढ्याने तो साधतो. हातसडीचा तांदूळ वापरावा व तो फार वेळा धुऊ नये. भात वेळल्यास पेज फेकू नये. कारण ‘ब-१’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळते.

महाराष्ट्रात पान वाढताना डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी व आमटी आणि मध्ये भात वाढतात. या मांडणीत जुन्या लोकांचे मोठे शहाणपण आहे. जो मुलगा मधला भात तेवढा संपवितो आणि दोन्ही बाजू तशाच टाकून उठतो, तो नकळत त्या खलाशांचीच चूक करीत असतो. पानात वाढलेला प्रत्येक पदार्थ आवडीने खाण्याची सवय लहानपणीच लावून घेतली, तर ती जन्मभर साथ देते.

स्वाध्याय

१. अधिकारी व खलाशी यांच्या आहारात कोणता फरक होता? त्याचा परिणाम काय झाला?
२. ‘पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी एक नव्हेत’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या घरी सहज मिळणाऱ्या पदार्थांतून एका दिवसाच्या समतोल आहाराची योजना तयार करा.