तबकडीवर ध्वनिलेखन : वेगाची निवड
गावातील वृद्धांच्या ओव्या सीडीवर उतरविताना शिक्षकांनी लेखनाचा वेग विचारपूर्वक ठरवावा. गाणे ऐकताना तबकडी ज्या गतीने वाचली जाते, तो एकपट वेग होय. म्हणून ८० मिनिटांची तबकडी १६ पट वेगाने सुमारे ५ मिनिटांत भरते. लेसर किरणाच्या उष्णतेने तबकडीतील रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटतात. वेग फाजील असल्यास त्या सदोष उमटण्याचा संभव असतो. परंतु शीघ्र लेखनासाठी बनविलेल्या तबकडीस अतिमंद वेगही मानवतोच असे नाही. यास्तव वेष्टनावरील कमाल वेगाहून कमी, असा मध्यम वेग योजावा. लेखनानंतर मूळ ध्वनिलेखाशी पडताळणी अवश्य करावी व दोन प्रती ठेवाव्यात. तबकडी बिघडल्यास दुसरी मिळेल. ओवी गाणारी आजी पुन्हा मिळणार नाही.