छपाईची फाइल: कोणतं सॉफ्टवेअर शिकावं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की डीटीपीकडे (डेस्कटॉप पब्लिशिंगकडे) वळू पाहणारी मुलं विचारतात, ‘क्लास कोरलचा लावू, फोटोशॉपचा की इनडिझाइनचा?’ शेजारी बसलेल्या आई-वडिलांना मात्र वेगळीच काळजी असते. सगळं मोबाइलवर वाचायच्या दिवसांत छपाईत आपल्या मुलीचं बस्तान बसेल का?

ही काळजी रास्त आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू. लग्नपत्रिका आणि हँडबिलांवर चालणाऱ्या छोट्या दुकानांचं काम खरोखरच आटत चाललं आहे. फक्त तेवढ्यावर करिअर बेतू नका. पण गोळ्यांचं खोकं, मसाल्याचं पाकीट, तेलाच्या बाटलीवरचं लेबल या गोष्टी मोबाइलवर जाणार नाहीत. यातली प्रत्येक वस्तू यंत्रावर चढण्याआधी कुणीतरी तिची फाइल तपासून, दुरुस्त करून देतं. या कामाला प्रीप्रेस म्हणतात. पडद्यावर देखणं डिझाइन करणारी मुलं पुष्कळ तयार होताहेत. प्रेसमधून परत येणार नाही अशी फाइल देणारी माणसं सहजी मिळत नाहीत. नोकरीचा शोध तिथे घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सॉफ्टवेअर. एकच सॉफ्टवेअर सगळ्याला पुरतं, ही समजूत फार महागात पडते. फोटोशॉप हे फोटोंसाठी आहे. त्यातच अख्खं माहितीपत्रक करून जेपीजी पाठवली, तर बारीक अक्षरांच्या कडा छापताना बोथट होतात. शिवाय काळा मजकूर निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारही शायांमध्ये (सीएमवायके) विभागला जातो. एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली तरी अक्षराभोवती रंगीत सावली दिसते. लोगो, व्हिजिटिंग कार्ड, लेबल, खोकं यांसाठी कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटर. पुस्तक, मासिक, अहवाल अशा अनेक पानांच्या कामाला इनडिझाइन. २०० पानी पुस्तक कोरलमध्ये लावणारे लोकही आहेत, पण लेखकाने ऐनवेळी दोन परिच्छेद वाढवले की पुढची सगळी पानं हाताने सरकवत बसावं लागतं.

सुरुवात कुठून करायची, हे तुम्ही राहता कुठे आणि काम कोणतं करणार यावर ठरवा. तालुक्याच्या गावी प्रेसवाला ‘सीडीआर पाठव’, म्हणजे कोरलची फाइल पाठव, असंच म्हणतो, तेव्हा तिथे आधी कोरल. त्याच्याकडची आवृत्ती बहुधा जुनी असते. फाइल खालच्या आवृत्तीत सेव्ह करून, अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे त्यांचं रेखाकृतीत रूपांतर करून) द्यायची सवय पहिल्या आठवड्यातच लागली पाहिजे. पुण्या-मुंबईच्या प्रकाशन संस्थांकडे जायचं असेल तर इनडिझाइन, पॅकेजिंगमध्ये जायचं असेल तर इलस्ट्रेटर. मात्र कोणत्याही एका नावाशी आयुष्य बांधून घेऊ नका. १९८५ साली आलेल्या पेजमेकरवर डीटीपीवाल्यांची एक अख्खी पिढी जगली. त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आणि १९९९ मध्ये आलेल्या इनडिझाइनने त्याची जागा घेतली.

मराठी मुलामुलींनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असा विषय देवनागरीचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक क्लासमध्ये राहून जातो. आपल्याकडे श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधलं साहित्य ढिगाने पडून आहे. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. युनिकोडने हा घोळ मिटवला, पण युनिकोड नीट जुळवणारं सॉफ्टवेअर हवं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात ‘कुऱ्हाड, वाऱ्यावर, उत्तीर्ण, किर्लोस्कर, शिल्लक’ एवढे पाच शब्द टाइप करून पीडीएफ काढा. रफार, अर्धा र, वेलांटी आणि मराठी वळणाचे ल-श जागेवर आहेत का, ते पाहा. ही परीक्षा जाहिरातीतल्या सगळ्या दाव्यांपेक्षा खरी. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून, बारकाईने तपासून देणाऱ्याला प्रकाशकांकडे आजही काम आहे.

फाइल कशातही करा, प्रेसकडे शेवटी जाते ती पीडीएफ. त्यातही छपाईसाठी ठरवलेला पीडीएफ/एक्स हा वेगळा प्रकार आहे. पीडीएफ/एक्स-१ए मध्ये फॉन्ट फाइलमध्येच असावे लागतात, आरजीबी, म्हणजे पडद्याचे रंग चालत नाहीत आणि पारदर्शक थर सपाट करावे लागतात; एक्स-४ मध्ये ते थर तसेच ठेवता येतात. कोणता हवा ते प्रेसला विचारायचं. ॲक्रोबॅट प्रोमधलं आउटपुट प्रिव्ह्यू ज्याला वाचता येतं, त्याच्यावर प्रेसवाला लवकर विश्वास टाकतो: चारही प्लेटा वेगवेगळ्या पाहून मजकूर फक्त काळ्यातच आहे ना, शाईची एकूण बेरीज कागदाला सोसेल ना, हे तिथे कळतं. वर्तमानपत्री कागदाला ही बेरीज साधारण २४० टक्क्यांपर्यंत ठेवतात, आर्टपेपर ३०० टक्केही पेलतो. कटिंगसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापरेषेबाहेर वाढवलेली छपाई, हवं. फोटो छापायच्या आकारात ३०० डीपीआय हवा. म्हणजे १,६०० पिक्सेल रुंदीचा फोटो सव्वापाच इंचांच्या आसपासच नीट छापला जातो, त्याहून मोठा केला की फाटतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोचं मोठं पोस्टर का होत नाही, हे ग्राहकाला नम्रपणे समजावून सांगणं हाही या नोकरीचाच भाग आहे.

खर्चाचं काय? सॉफ्टवेअरची चोरीची प्रत घालून शिकवणारे क्लास सर्रास आहेत. मुलांना त्यात गुंतवू नका. चोरीच्या प्रतीवर व्यवसाय उभा केला की कायद्याची टांगती तलवार कायम राहते. स्क्रायबस मोफत आहे, सीएमवायके आणि पीडीएफ/एक्स दोन्ही देतं, आणि २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरीही जुळते. तत्त्वं शिकायला ते पुरेसं आहे, जरी नोकरीच्या जाहिरातीत त्याचं नाव क्वचितच दिसेल. इंकस्केप रेखाटनाला चांगलं, पण ते मुळात पडद्याच्या रंगांत काम करतं; त्यातली फाइल थेट छपाईला पाठवू नये. ॲफिनिटी स्वस्तात मिळायचं म्हणून अनेकांना आकर्षक वाटलं, तरी देवनागरीच्या जुळणीत ते वर्षानुवर्षं अपुरं राहिलं आहे, तेव्हा वरच्या पाच शब्दांची परीक्षा घेतल्याशिवाय त्यावर मराठी काम घेऊ नका. कॅनव्हा शुभेच्छापत्रांना ठीक आहे. त्यावर प्रीप्रेस शिकता येणार नाही.

शिक्षणाचे रस्ते आहेत. आयटीआयमध्ये डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर हा एका वर्षाचा ट्रेड आहे. मुंबईच्या शासकीय मुद्रण तंत्रज्ञान संस्थेत पदविका करता येते, आणि पुण्यात पुणे विद्यार्थी गृहाने मुद्रणशिक्षणाची मोठी परंपरा उभी केली आहे. पदविकेच्या प्रवेशाचे नियम आणि जागा त्या-त्या वर्षी तंत्रशिक्षण संचालनालयाकडून तपासून घ्या. खासगी क्लासची फी भरण्याआधी पालकांनी स्वतः जाऊन दोन प्रश्न विचारावेत: इथे प्रत्यक्ष प्लेट निघून छापलेलं एखादं काम मुलांकडून होतं का? आणि मराठी युनिकोड शिकवता का? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा क्लास पाहा.

त्याबरोबर जवळच्या ऑफसेट प्रेसमध्ये काही महिने उमेदवारी करायला मिळाली तर ती सोडू नका. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत दिवाळी अंक आणि कॅलेंडरांची गर्दी असते, प्रेसला हात कमी पडतात आणि नवख्यालाही उभं राहू देतात. एका मोठ्या कागदावर १६ पानांचा फॉर्म कसा लावतात, घडी घातल्यावर पानं क्रमाने कशी येतात, मशीनवरचा माणूस कोणत्या फाइलवर वैतागतो आणि कोणती मुकाट्याने चढवतो, हे सगळं तिथे एका हंगामात कळतं.