कारणाचा रकाना

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मानसशास्त्राशी माझा संबंध नाही. तरीही या विषयावर लिहायला बसलो तो माझ्या आतेभावामुळे. गेल्या वर्षी तो रात्र-रात्र जागू लागला. शेजारी भिंतीपलीकडून आपल्याविषयीच बोलतात, असे म्हणू लागला. आत्याने दृष्ट काढली, देवऋषी झाले, शेवटी धारवाड गाठले. डॉक्टरांनी कानडीत पहिलाच प्रश्न केला, गांजा ओढतोस का? घरी कुणालाच ठाऊक नव्हते. मला होते.

मी गप्प राहिलो होतो, कारण आमच्या कंपूत एक युक्तिवाद चाले : इंग्रजांच्याच चौकशीत गांजा निर्दोष ठरला आहे. हे अर्धे खरे आहे. 1893 साली सरकारने आयोग नेमला. वेड्यांच्या इस्पितळांत दाखल्यावर कारणाचा रकाना असे आणि तो बहुधा पोलिसांच्या कागदांवरून भरला जाई. रोगी गांजेकस, घरचे बेपत्ता. मग लिहा गांजा! 1892 सालच्या अशा 222 नोंदी आयोगाने तपासल्या, तेव्हा 98च ग्राह्य ठरल्या. आमच्या भाषेत, बाकीच्यांना व्हाउचर नव्हते. परंतु अतिसेवनाने वेड लागू शकते, हेही त्याच अहवालात आहे. ते पान आमच्या कंपूने वाचले नव्हते.

पुढे स्वीडनमध्ये नोंद उलट्या क्रमाने झाली. 1969-70 साली सैन्यभरतीच्या सुमारे 45,000 तरुणांना आजाराआधीच विचारून ठेवले आणि पंधरा वर्षे लक्ष ठेवले. पन्नासहून अधिक वेळा ओढणाऱ्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघाले (1987). मुळात मन अस्वस्थ असलेलेच गांजाकडे वळत असतील, ही शंका रास्त आहे. तो हिशेब वजा केल्यावर आकडा उतरला, पण शून्यावर आला नाही. युरोप व ब्राझीलमधील 2019 च्या अभ्यासात, रोज जहाल माल ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका जवळजवळ पाचपट दिसला.

आता, हा आजार मुळात शंभरात एखाद्याला होतो. म्हणजे ओढणारे बहुतेकजण सहीसलामत राहतात, आणि कट्ट्यावर दाखले त्यांचेच दिले जातात. ज्याच्या रक्ताच्या नात्यात असा आजार आहे किंवा ज्याने कोवळ्या वयात सुरुवात केली, त्याचा धोका अधिक. आमच्या एका काकांविषयी घरात कुजबूज होती, एवढे मला आठवते.

भाऊ आता दुकानात बसतो, गोळ्या घेतो. कधी रात्री भिंतीला कान लावतो.

दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो. "केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारले. अकरावीपासून, मी म्हणालो. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतले. आत्या माझ्याकडे पाहत होती.