बिलातला ‘गुणक अवयव’ : उपसा योजनांच्या सभासदांसाठी



साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे वीज मोफत आहे. त्यामुळे लहान पंपाचे बिल आता कोणी उघडून बघत नाही. उपसा संस्थांच्या मोठ्या पंपांचे तसे नाही. तिथले बिल साऱ्यांनी मिळून भरायचे असते, म्हणून त्यातला एक आकडा आपण समजून घेऊ. बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि त्यांच्या शेजारी ‘गुणक अवयव’ असा रकाना असतो. घरच्या बिलात तिथे १ असतो. उपशाच्या बिलात १०, २०, ४० असे काहीही असू शकते.

असे का? मोठ्या पंपाचा सगळा प्रवाह मीटरमधून नेता येत नाही. म्हणून तारांवर सी. टी. बसवतात. सी. टी. वर १००/५ लिहिले असेल तर शंभर अँपिअरचे पाच होऊन मीटरला मिळतात, म्हणजे मीटर विसावा हिस्साच मोजतो. रीडिंगला २० ने गुणले की खरे युनिट. काही मीटरमध्ये हे प्रमाण आतच भरलेले असते. तिथे पुन्हा गुणायचे नसते. घोळ होतो तो इथेच.

पडताळा सोपा आहे. ५० अश्वशक्तीचा पंप पूर्ण भाराने चालला तर तासाला साधारण ४० युनिट खातो. पाच तास चालवा, आधीचे व नंतरचे रीडिंग वहीत लिहा. आकडा १० ने सरकला आणि गुणक २० असेल तर २०० युनिट; हिशेब जुळला. बिलात गुणक १० छापला असेल तर अर्धेच बिल येतेय. आणि ४० असेल तर दुप्पट!

अर्धे बिल आले तर बरेच की, असे कुणी म्हणेल. त्यांनी पानिपतची गोष्ट ऐकावी. तिथल्या प्रेम कॉटेक्स या सूतगिरणीच्या बिलात गुणक १० ऐवजी ५ धरला गेला होता. २००६ ते २००९ असे तीन वर्षे चालले. चूक वीज कंपनीची, पण मागणी आली ती गिरणीकडे : सुमारे १ कोटी ३५ लाख रुपये. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये गिरणीचे अपील फेटाळले गेले. उपसा संस्थेवर अशी मागची वसुली आली तर ती कोणत्या सभासदाच्या पाणीपट्टीत घालणार? तीन वर्षांत कित्येकांनी जमीन विकलेली असते.

मीटर किंवा सी. टी. बदलताना डोळ्यांत तेल घालून उभे राहावे. वज्रेश्वरीला देवदर्शनाला जाताना वाटेत भिवंडी लागते. २६ जानेवारी २००७ रोजी महावितरणने तिथले वीजवितरण टोरेंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून दिले. देशातला तो पहिलाच प्रयोग. त्यानंतर तिथे जुनी मीटरे मोठ्या संख्येने बदलली गेली. अशा प्रत्येक बदलाला जुने शेवटचे रीडिंग, नवे पहिले रीडिंग, मीटरचा क्रमांक, सी. टी. चे प्रमाण आणि गुणक एवढे अहवालात लिहिलेले हवे. वायरमन घाईत असतो, “नंतर देतो” म्हणतो. पण अहवालाची प्रत हाती आल्याखेरीज संस्थेच्या सचिवांनी सही करू नये. मीटरवरचे घड्याळही आपल्या घड्याळाशी ताडून पाहावे, कारण वेळेनुसार दर लागू असेल तर सवलतीचे तास त्यावरच मोजतात. सीलला मात्र कुणी हात लावू नये.

फरक आढळला तर पाच तासांच्या नोंदीची नक्कल जोडून उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.