‘फॉरमॅट माडबेडी!’ : अपडेटनंतर अडलेला लॅपटॉप आणि म्हैसूरमधला खर्च

मायक्रोसॉफ्टचं दरमहाचं अपडेट सुटतं ते महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेतल्या सकाळी. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. त्यामुळे ‘रात्री चांगला चालत होता हो!’ हे वाक्य बुधवारी सकाळी ऐकू येतं.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या आमच्या शेजारच्या काकूंचा लॅपटॉप असाच एका सकाळी निळा पडला. दुकानदाराने उभ्या उभ्या निदान केलं : “फॉरमॅट माडबेकु.” म्हणजे फॉरमॅट करावं लागेल. नऊशे रुपये, संध्याकाळी घेऊन जा. काकू हो म्हणणारच होत्या. पण निळ्या पडद्यावर बिघाडाचा उल्लेखच नव्हता, तिथे बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, 48 आकडी किल्ली मागितली होती. अपडेटनंतर कधी कधी विंडोज अशी ओळख मागतं. लॅपटॉप पुण्यातल्या मुलाने स्वतःच्या खात्यावर चालू करून दिला होता, म्हणून किल्लीही त्याच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली. त्याने फोनवर सहा-सहा आकड्यांचे आठ गट सांगितले, काकूंनी चष्मा सावरत ते भरले आणि लॅपटॉप सुरू झाला. खर्च शून्य. फॉरमॅट केला असता तर नातवंडांचे सगळे फोटो गेले असते.

आधी घरी, फुकटात

1. अपडेट चालू असताना पडदा एकाच टक्क्यावर अडकला, तर चार्जर लावून तासभर थांबा. घाईने बटण दाबून बंद केल्यानेच अनेकदा खरा बिघाड होतो.

2. लॅपटॉप सुरू होतोय, पण प्रिंटर, आवाज किंवा वायफाय गेलंय? सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग अपडेट हिस्टरी, तिथे ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. शेवटचं अपडेट काढा आणि पुढची अपडेट काही आठवडे ‘पॉज’ करा. अपडेट कायमची बंद करू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यातूनच येतात.

3. सुरूच होत नाहीये? विंडोज उघडू लागताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा पडदा येतो. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स या वाटेने जा आणि ‘क्वालिटी अपडेट’ निवडा.

4. विंडोजची आवृत्तीच बदलली असेल, तर साधारणपणे 10 दिवसांत ‘रिकव्हरी’मधल्या ‘गो बॅक’ने जुनी परत आणता येते. ती मुदत उलटली की ही सोय जाते.

19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. त्यावरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढून टाकणं. एवढ्या मोठ्या गोंधळातही फॉरमॅटची गरज नव्हती.

दुकानात गेलात तर

पुढचे आकडे अंदाजे आहेत. दुकान, भाग आणि तुमची घाई यांवर ते हलतात.

- नुसती तपासणी : 0 ते 300 रुपये. दुरुस्ती तिथेच केली तर ही रक्कम वळती करायला सांगा.
- अपडेट काढणं, ड्रायव्हर बसवणं : 300 ते 600.
- घरी बोलावल्यास : वर आणखी 200-300.
- डेटा उतरवून विंडोज नव्याने टाकणं : 700 ते 1,500.
- पक्क्या बिलावर 18 टक्के जीएसटी. तो भावात धरलाय की वेगळा, हे आधीच विचारा.

दोन गोष्टींसाठी मात्र पैसे देऊ नका. लॅपटॉपसोबत अस्सल विंडोज आलं असेल, तर त्याचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा टाकायला नवी ‘की’ विकत घ्यावी लागत नाही. दुसरं म्हणजे, किल्ली हरवलेल्या बिटलॉकर डिस्कमधून ‘डेटा काढून देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका. किल्लीशिवाय ते कुलूप दुकानात उघडत नाही.

पडद्यावर ‘मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’ असं झळकलं, तर तो सापळा समजा. कंपनीच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा.

तीन कानडी वाक्यं

नव्याने म्हैसूरला आलेल्यांनी एवढी पाठ करावीत. “एष्टागुत्ते?” म्हणजे किती होतील. “डेटा बेकु” म्हणजे डेटा हवाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, “केळदे फॉरमॅट माडबेडी”, न विचारता फॉरमॅट करू नका. हेच वाक्य पावतीवरही लिहून घ्या. सोबत लॅपटॉपचा सीरियल नंबर, ठरलेली रक्कम आणि परत देण्याची तारीख. पुढे वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही नाही, पण तिथे तोंडी बोलणं टिकत नाही, ही पावती टिकते.

विंडोज 10 असेल तर

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नियमित अपडेट थांबली. घरगुती संगणकांसाठी वाढीव सुरक्षा योजनेची मुदत 13 ऑक्टोबर 2026 ठरली, आणि सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवून ती फुकट घेण्याची सोय ठेवली गेली. ‘आता नवाच घ्या’ असं दुकानदार म्हणाला, तर आधी ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप चालवा. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हे सुरक्षेचं तंत्र लागतं, ते तुमच्याकडे आहे की नाही हे त्यात कळतं.

पुढचा दुसरा मंगळवार येण्याआधी दोन कामं उरका. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून ठेवा. काकूंनी ती गॅसच्या पुस्तकात ठेवलीय. मुलाचा फोन लागला नाही, तरी आता त्यांचं अडणार नाही.